कूलरसमोरची परीक्षा

एप्रिल लागला की आमच्या जळगावात घरोघरी एकच काम निघतं, कूलर उतरवायचा. माळ्यावरून, जिन्याखालून, गच्चीतल्या ताडपत्रीखालून ते पत्र्याचे डबडे बाहेर येतात. टाकी घासायची, मोटारीला तेल द्यायचं, ताट्यांमधलं गेल्या वर्षीचं कुजकं गवत उपटून नवं भरायचं. पहिल्या दिवशी पाणी सोडलं की त्या ओल्या गवताचा वास खोलीभर पसरतो. बाकीच्यांना तो वास आवडतो. मला मात्र तो नाकात शिरला की उठून कूलर बंद करावासा वाटतो, इतकी वर्षं झाली तरी.

परवा असाच कूलर सुरू झाला आणि पुण्याहून आलेली माझी लेक ऋचा लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसली. तिला घरीच एक डेस्कटॉप जोडायचा आहे. भागांच्या याद्यांवर याद्या चालल्यात. म्हणाली, "आई, हा मदरबोर्ड बघ ना. वीज एकदम कमी खातो. प्रोसेसरवर पंखासुद्धा लागत नाही म्हणे. लोकांनी भरभरून चांगलं लिहिलंय."

"ज्यांनी लिहिलं त्यांच्या घरी उन्हाळा किती असतो?" मी म्हटलं. "आणि आधी तो कूलर बंद कर. मग बोलू."

ती हसली. आई म्हातारी व्हायला लागली असं तिला वाटलं असणार. वाटू दे. मी उठून स्वतःच कूलर बंद केला, आणि दोन मिनिटांत कपाळावर घाम आला, आणि मला फैजपूरच्या शाळेतली ती पत्र्याची खोली दिसायला लागली.

नव्वदच्या दशकाचा शेवट शेवट होता. मी जळगावातच मेहरूणमध्ये दोन खोल्यांत राहायचे आणि गावातल्या एका क्लासमध्ये संगणक शिकवायचे. शिकवायचे कसली, पोरांना सुरू कसा करायचा आणि बंद कसा करायचा एवढंच पुन्हा पुन्हा सांगायचे. खरा जीव रमायचा तो रविवारी. त्या दिवशी माझ्या खोलीत आम्ही चार-पाच येडे जमायचो. संगणकाचे भाग सुटे करायचे, जोडायचे, तापवायचे, जाळायचे, हा आमचा छंद. त्यात सगळ्यांत पक्के सलीमभाई. त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हातात टेस्टर घेऊनच जन्माला आलेला माणूस. मुंबईहून नवा माल आणायचे ते आणि त्याची परीक्षा घ्यायचे आम्ही. निकाल चार पानांच्या सायक्लोस्टाइल पत्रकात छापून धुळ्याला, भुसावळला, पाचोऱ्याला आमच्यासारख्याच हौशी लोकांना टपालाने जायचा. पत्रक लिहायचं काम माझं. शाळेसारखे गुण द्यायचे मी. वेगाला इतके, टिकाऊपणाला इतके, विजेला इतके. भारी रुबाब वाटायचा मला त्याचा.

सलीमभाई मला चिडवायचे, "सुमनताई लिहिते उजव्या हाताने आणि सोल्डर मारते डाव्या हाताने. नक्की खरा हात कोणता?"

खरा डावा. मी जन्माची डावखुरी. पण आमची आई दिवसभर शेतात, आणि मला वळण लावायचं काम माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. पाटीवर अ काढायला तिनेच शिकवलं. डाव्या हातात पेन्सिल दिसली रे दिसली की लाकडी पट्टी बोटांवर बसायची. "डाव्या हातानं लिहितेत का कधी?" असं म्हणून ती पेन्सिल काढून उजव्या हातात कोंबायची. मी रडायचे आणि लिहायचे. पुढे सोल्डरिंग आयर्न हातात आलं तेव्हा मारायला कोणी नव्हतं, म्हणून ते डाव्या हातात राहिलं.

अक्का फैजपूरला शाळेत शिक्षिका होती. तिचं अक्षर बघायला इतर शाळांतले मास्तर यायचे, ही काही बहिणीची फुशारकी नाही. वर्गाचा निकाल तिने लिहिला की छापल्यासारखा दिसायचा. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं सावरलं, पाय सावरला, काठी टेकत ती वर्गावर जायलाही लागली. उजवा हात मात्र नुसता खांद्याला लटकलेला राहिला.

फळ्यावर मुलं लिहायची, पेपर ती तोंडी सांगून वर्गाच्या मॉनिटरकडून तपासून घ्यायची. मार्चपर्यंत सगळ्यांनी चालवून घेतलं. मग संस्थेकडून निरोप आला. वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाचा निकाल स्वतः तयार करायचा असतो आणि त्यावर स्वतः सही करायची असते. बाईंना एक मेपर्यंत ते जमलं तर ठीक, नाही तर जूनपासून त्यांनी प्रकृतीच्या कारणाने घरी बसावं. अक्काच्या मागेपुढे कोणी नव्हतं. शाळा हेच तिचं घर, तिच्या अंगावरचा पदर आणि तिचं जेवण. 

शाळेत एक संगणक होता. माजी विद्यार्थ्यांनी दिलेला, प्लास्टिकच्या झाकणाखाली, हळदकुंकू लावून ठेवलेला. हेडसर भला माणूस. त्यांनी वर भांडून परवानगी काढली की निकाल संगणकावर चालेल, पण बोट बाईंचंच पाहिजे, दुसऱ्या कोणाचं नाही. अक्काला मी डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायला शिकवलं. हळू करायची, पण चुकत नव्हती. अडचण एकच राहिली. सकाळची शाळा बारापर्यंत, संध्याकाळी पाचला कुलूप, म्हणजे काम करायला मिळणार दुपार. आणि फैजपूरला वीज जायची ती नेमकी बारा ते चार.

सलीमभाईंनी हाताने एक इन्व्हर्टर बनवून दिला. हेडसरांनी आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी देऊ केली. पण तो संगणक असला खादाड की बॅटरी दीड तासात आडवी व्हायची. तेव्हाच सलीमभाईंनी मुंबईहून एक नवा मदरबोर्ड आणला. लहानसा, हिरवा, चित्र दाखवणारं कार्ड त्याच्याच पोटात, आणि प्रोसेसरवर पंखा नाही, उष्णता सोडायला नुसते ॲल्युमिनियमचे उंच उंच दात. "आधा खाना, पूरा काम," असं म्हणत त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला.

त्या रविवारची दुपार मला मिनिटामिनिटाला आठवते. खिडक्यांना ओली पोती, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर मऊ झालेलं. आम्ही बॅटरीच्या वायरीत मीटर लावला. "आता वीज गेली असं समजायचं," असं जाहीर करून मी संगणकाचा प्लग भिंतीतून उपटला. काटा खाली आला तो खरंच निम्म्याच्या जवळ. आम्ही पोरांसारख्या टाळ्या वाजवल्या. साडेतीन तास बोर्ड चालला, एकदाही अडकला नाही. सलीमभाईंनी दातांना बोट लावलं आणि म्हणाले, "माशाल्ला! बर्फ है बर्फ."

मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. विजेची बचत, पंचवीसपैकी चोवीस. तापमान, पंचवीसपैकी पंचवीस. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, खानदेशच्या उन्हाळ्यात डोळे मिटून घ्यावा असा बोर्ड. डोळे मिटून! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अठ्ठावीस एप्रिलला बोर्ड टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला आणि एसटीने फैजपूर गाठलं. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि त्यांच्यातून येणारा वारासुद्धा गरम. बारा वाजेपर्यंत बोर्ड बसवून झाला. बाराला दोन मिनिटं कमी असताना वीज गेली, इन्व्हर्टर घुं करून जागा झाला, पडदा हलला नाही. अक्काने खुर्ची ओढली. डाव्या हाताचं पहिलं बोट पुढे काढलं. अठ्ठेचाळीस मुलं, प्रत्येकाचे नऊ विषय, तोंडी, लेखी, शेरा. अडीच दिवस हातात होते.

अकराव्या मुलावर पडदा गोठला.

अक्काने कळ दाबली. पुन्हा दाबली. माझ्याकडे पाहिलं. "सुमे, माह्यं काही चुकलं का?"

"नाही गं. होतं असं." मी बंद करून पुन्हा सुरू केलं. वीस मिनिटांत पुन्हा गोठला. मग बारा मिनिटांत. मी मेमरी काढून फुंकर मारून बसवली, फ्लॉपी बदलली, वायरी हलवल्या. दारात हेडसर येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात कोरी निकालपत्रकं होती, जुन्या पद्धतीची, हाताने भरायची.

"बाई," ते खाली बघत म्हणाले, "कुलकर्णी सर लिहून देतो म्हणतात. कोणाला सांगायची गरज नाही."

"मले सांगायची गरज आहे," अक्का म्हणाली. "पोरांचे मार्क माह्या हाताखालून जातीन, नाही तर नाही जानार." तिचा आवाज चढला नव्हता. त्या पत्रकांकडे न बघता तिने पुन्हा कळ दाबली.

मला घाम सुटला होता, तो नुसता उन्हाचा नव्हता. माझ्याच शब्दावर तिने भरवसा ठेवला होता. पंचवीसपैकी पंचवीस! मी पेटीचं झाकण काढलं आणि सवयीने त्या ॲल्युमिनियमच्या दातांवर बोट टेकवलं, आणि ओरडलेच. बोटाला चटका बसला होता. ते बोट घेऊन मी मान वळवली डावीकडे, मागे. माझ्या खोलीत कूलर असतो त्या बाजूला. गार झोताला बोट धरायला. तिथे भिंत होती. पिवळी, तापलेली, आणि वर पत्रा.

अरे देवा. कूलर.

आम्ही वीज गेली असं समजलो होतो, पण ती फक्त संगणकाची! कूलर भिंतीतल्या दुसऱ्या प्लगवर साडेतीन तास घोंघावत होता, आणि त्याचा झोत पाठीवरून सरळ टेबलावर येत होता. पाच जण खोलीत, सगळे जन्माचे खानदेशी, एकाच्याही डोक्यात आलं नाही. येणार कसं? उन्हाळ्यात आम्हाला कूलर म्हणजे भिंतच, तो चालू आहे की नाही हे बंद पडल्यावर कळतं. एप्रिलच्या दुपारी तो बंद करायचा असतो हा विचार फैजपूरला येऊन सुचावा लागला. खरी वीज जाते तेव्हा कूलरही जातो, हे कळायला मला पत्र्याखाली बसावं लागलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"अक्का, मी गाढव आहे," मी म्हटलं.

"ते मले ठाऊक आहे. आता काय करायचं ते सांग."

पंखा पाहिजे होता. विजेशिवाय चालणारा, बॅटरीवरचा. मी जळगावात असते तर सलीमभाईंच्या दुकानातून दहा मिनिटांत आणला असता. इथे कुठला? आणि तेव्हाच खिडकीतून मला शाळेमागच्या मोकळ्या जागेत उभा असलेला केळीचा ट्रक दिसला. हमाल घड रचत होते, मधे मधे केळीची पानं कोंबत होते. मी तशीच उन्हात पळाले, चप्पलसुद्धा घातली नाही. पाय भाजत होते. केबिनच्या दाराला हात घालून वर पाहिलं, तर काचेजवळ निळ्या पात्यांचा छोटा पंखा, ड्रायव्हरच्या तोंडावर फिरत होता.

ड्रायव्हर धुळ्याकडचा होता, गुलाबभाऊ. संध्याकाळी माल घेऊन दिल्लीला निघणार होता. मी धापा टाकत काय सांगितलं देव जाणे. शाळा, बहीण, हात, निकाल, पंखा, सगळं एका दमात.

"थांब, थांब माय," तो म्हणाला. "निकाल कोना शे?"

"माझ्या बहिणीचा," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने खाली उतरून पाहिलं. शाळेच्या खिडकीत अक्का उभी होती, काठीवर, एक बाही रिकामी असल्यासारखी.  त्याने पक्कड घेतली, दोन स्क्रू काढले आणि पंखा माझ्या हातात दिला. "लई जाय. चार दिनमा मी परत येस, तवय दे."

"आणि तुम्ही? दिल्लीपर्यंत?"

"काच उघडी ठेवस ना." एवढं म्हणून तो घड मोजायला गेला. त्या उन्हात, त्या लोखंडी केबिनमध्ये, बिनपंख्याचा. त्याच्यासाठी मी आजही वर्षातून एकदा तरी हात जोडते.

लाल वायर बॅटरीच्या लाल टोकाला, काळी काळ्याला. पंखा फिरला. मीटरचा काटा थोडा वर सरकला, म्हणजे बचतीतला वाटा गेलाच. पण पडदा पुन्हा गोठला नाही. अक्काने अकराव्या मुलापासून सुरुवात केली. त्या खोलीत पंखा एकच होता आणि तो बोर्डाकडे तोंड करून होता. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला तिच्याकडे हात नव्हता, कारण चालणारा हात कळांवर होता. मी पदराने पुसत होते. तेवढंच तिने करू दिलं.

तीस तारखेला साडेतीनच्या सुमारास इन्व्हर्टर किणकिणायला लागला. बॅटरी संपत आली होती. सहा मुलं राहिली होती.

"अक्का, शेवटची सहा मी करते. कोणी बघत नाहीये."

"हात नको लावू."

"अगं बॅटरी जाईल!"

"सुमे, हात नको लावू सांगितलं ना!" तिच्या त्या आवाजाने मी पुन्हा पाच वर्षांची झाले आणि बोटं आखडून घेतली.

पाच. चार. ती दर मुलानंतर फ्लॉपीवर साठवत होती आणि मी मनातल्या मनात बॅटरीला शिव्याही देत होते आणि नवसही बोलत होते. दोन. पंख्याची पाती आता डोळ्यांना वेगवेगळी दिसायला लागली होती. शेवटचं नाव होतं एका वाणी आडनावाच्या मुलीचं. अक्काने शेऱ्यात 'अक्षर सुधारावे' असं टाइप केलं, एक एक कळ शोधत. फ्लॉपीचा दिवा लागला, विझला, आणि मग सगळंच विझलं.

चारला वीज आली नाही. सव्वाचार. साडेचार. हेडसर कुलपाची किल्ली हातात घेऊन ओट्यावर फेऱ्या मारत होते. पाचला पाच मिनिटं असताना वरचा दिवा लुकलुकला. प्रिंटर खरखरायला लागला. तो कर्कश आवाज मला त्या दिवशी इतका गोड वाटला की सांगता सोय नाही. अठ्ठेचाळीस कागद. हेडसरांनी ते टेबलावर ठेवले आणि मग घसा खाकरला.

"बाई, सही."

मी विसरलेच होते. खरंच विसरले होते! इतके दिवस मी अँपिअर मोजले, बोर्डाला गुण दिले, पंख्यामागे पळाले, आणि निरोपातली दुसरी अट माझ्या डोक्यातून पार निघून गेली होती. संगणक सही करत नाही. 

 अक्काने पिशवीतून एक दुरेघी वही काढून बाजूला ठेवली आणि पिशवीच्या तळातून पेन शोधायला लागली. वही उघडीच पडली होती. पानच्या पान तिचं नाव. पहिल्या पानांवर ते नाव नव्हतंच, नुसत्या रेघा, लहान मुलाने ओढाव्यात तशा. मग वाकडी काठी, मग अर्धं अक्षर, मग कुठेतरी नाव. नोव्हेंबरपासूनच्या तारखा घातल्या होत्या प्रत्येक पानावर. निरोप तर मार्चमधे आला होता.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. "मी डावखुरी, अक्का. मी दाखवलं असतं. पेन कसं धरायचं, कागद कसा तिरपा ठेवायचा."

तिला पेन सापडलं. तिने ते डाव्या हातात घेतलं.

"तुह्या याच बोटांवर पट्टी मारे मी," ती म्हणाली. "कोन्या तोंडानं तुले विचारू?"

हेडसर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.  तिने पहिल्या कागदावर पेन टेकवलं. एका हाताने लिहिताना कागद धरायला दुसरा लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता, म्हणून कागद सरकायला लागला. मी पुढे वाकले आणि दोन्ही हातांनी तो दाबून धरला, अठ्ठेचाळीस वेळा.